मापेकाकांच्या मागची भिंत

"बाबा, तुमच्या मागची ती भिंत मला बघवत नाही," मुलगी म्हणाली, आणि सगळ्या भानगडीला तिथून सुरुवात झाली.

आता भिंत म्हटली की भिंत. तिच्यात न बघवण्यासारखं काय असतं? मापेकाकांनी मान वळवून बघितलं. भिंत जागच्या जागी होती. तिला एक खिळा होता, खिळ्याला काही नव्हतं, आणि पुढे एक खुर्ची होती, तिच्यात ते स्वतः. दर रविवारी सकाळी अकराला मुलगी फोनवर दिसायची, काका तिला दिसायचे, आणि दोघं वीस मिनिटं एकमेकांना 'बाकी काय' असं विचारायचे. काकू गेल्यापासून दोन वर्षं हा कार्यक्रम बिनबोभाट चालू होता. त्यात भिंतीनं कधी तोंड घातलं नव्हतं.

"भिंतीला काय झालं?" काका म्हणाले.

"काही झालं नाही, तेच तर. तुम्ही असे मधोमध बसलेले. मागे काही नाही, बाजूला कोणी नाही. फोन ठेवला तरी दिवसभर मला तेच दिसत राहतं. हे बघा, मला तीन आठवड्यांची रजा मिळतेय. पुढच्या सोमवारी साहेबांना नक्की काय ते सांगायचंय. मी येते, घर आवरू, कुलूप लावू, आणि तुम्ही माझ्याकडे चला. कायमचे."

"अगं, मी काय एकटा आहे का? माणसांचा राबता असतो इथे."

"मला तर कधी कोणी दिसलं नाही."

"रविवारी येत नाहीत. बाकीच्या दिवशी येतात."

"मग पुढच्या रविवारी बोलवा," मुलगी म्हणाली. लहानपणापासून ती अशीच, शब्दात धरणारी. "चार माणसं दिसली की माझा जीव भांड्यात पडेल. मग नाही घेत रजा. नाही दिसली, तर मी बॅगा भरायला येतेय."

फोन बंद झाला आणि काका आपल्याच शब्दांकडे बघत बसले. त्याचं असं होतं की काकांना खोटं बोलण्याची सवय नव्हती. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून त्यांनी काढली होती. त्यांना बघून दुकानदार पंखा बंद करायचे, वाऱ्यानं तागडी हलू नये म्हणून. मापात पाप करणारा माणूस ते नुसत्या त्याच्या उभं राहण्यावरून ओळखत. नोकरी सुटली तरी 'मापे' काही सुटलं नाही. इमारतीतल्या पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना मापेकाकाच म्हणत. आणि अशा माणसानं पोटच्या पोरीला 'माणसांचा राबता' म्हणून सांगितलं होतं!

राबता कसला? दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा. पेपरवाला दाराखालून पेपर सरकवायचा. दोघंही आपल्या कामात इतके तरबेज की दोन वर्षांत काकांना त्यांची तोंडंसुद्धा धड माहीत नव्हती. काही दिवस तर असे जात की संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द म्हणून फुटत नसे. मग काका दिवेलागणीला एकदा मोठ्यानं 'हं' म्हणून बघत. आवाज शाबूत आहे की नाही ते तपासलेलं बरं. तपासणीची सवय, दुसरं काय!

मग मुलीकडे जायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. मुलीचं घर चांगलं होतं. जावई तर इतका चांगला की त्याच्यासमोर सदऱ्याचं वरचं बटण लावून बसावं लागे. तिथे गेलं की काका पाहुण्यांच्या खोलीत राहत, पाहुण्यांच्या टॉवेलनं तोंड पुसत, आणि 'बाबा, काही हवं का?' असं कोणी विचारलं की 'काही नको' म्हणत. दिवसातून अकरा वेळा. एकदा त्यांनी मोजलं होतं. इथे निदान दिव्याचं बटण अंधारात हाताला सापडायचं. काकूंनी ज्या फळीवर डबे लावले होते ती फळी इथे होती. त्या घराला कुलूप लावायला काका तयार नव्हते.

म्हणून ते जिना चढून तिसऱ्या मजल्यावर चौकटमास्तरांकडे गेले.

चौकटमास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी वाचनालयात चित्रपटाच्या रसग्रहणाचा महिन्याभराचा वर्ग केला, आणि तो त्यांना बाधला. तेव्हापासून त्यांना सिनेमा म्हणून बघताच येईना. नायिका मरत असली तरी मास्तर दिवा कुठे ठेवलाय ते बघणार. बायकोनं ताट पुढे ठेवलं तर 'आज वाटी डावीकडे का? तुला काय म्हणायचंय?' असं विचारणार. त्या बिचारीला काहीच म्हणायचं नसे. आता ती बरेच दिवस बहिणीकडे गेली होती.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, खाली येऊन दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली, तिच्यातून काकांकडे एक डोळा मिटून बघितलं, आणि डॉक्टरनं मान हलवावी तशी मान हलवली.

"मुलीचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "चौकटीत उगाच असं काही नसतं, मापेकाका. माणूस मधोमध, मागे मोकळी भिंत, म्हणजे कैदी. त्यात तुम्ही फोन ठेवलाय कपाटावर. वरून बघितलं की माणूस बारीक दिसतो. बिचारा. कोणीतरी त्याच्यावर नजर ठेवून आहे असं वाटतं."

"मग खाली ठेवू?"

"खाली ठेवलात तर माणूस मोठा दिसेल. पण नाकपुड्या आधी दिसतील."

शेवटी फोन नाकासमोर आला. काकांनी टेप आणून अंतर मोजलं, वहीत लिहिलं. मग मास्तर म्हणाले, शेजारी अजून एक खुर्ची ठेवा, मोकळेपणा येईल. काकांनी आतून दुसरी खुर्ची आणली. मास्तरांनी फोटो काढला आणि बराच वेळ बघितला.

"नाही हो," ते म्हणाले. "मगाशी नुसता एकटा माणूस होता. आता एकटा माणूस आहे आणि शेजारी गेलेलं माणूस आहे."

 ती खुर्ची काकूंचीच होती. मास्तरांच्या ते लक्षात आलं, त्यांना वाईटही वाटलं, पण चौकटीपुढे त्यांचाही नाइलाज होता. खुर्ची आत गेली.

मग टेबलावर दोन कप ठेवून पाहिले. "दुसरा कोणाचा?" मास्तर म्हणाले. "कोणीतरी चहा न पिता रागानं उठून गेलंय." मग गॅलरीतली कुंडी आणली. "ही मरायला टेकलीय. अर्थ सांगू?" काका 'नको' म्हणाले. शेवटी मास्तरांनी वरून स्वतः काढलेलं एक चित्र आणलं आणि रिकाम्या खिळ्याला लावलं. चित्रात समुद्र होता आणि समुद्रात एक जहाज. एकच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर वर गेले आणि रंग ओला असतानाच परत आले. आता जहाजं तीन झाली होती.

काकांनी पाणसळ लावून ते चित्र केसभरही इकडेतिकडे होणार नाही असं सरळ केलं. एकतीस वर्षांचा हात तो! मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"इतकं सरळ? अहो, घरात माणसं वावरत असली की चित्र तिरकं होतं. येताजाता खांदा लागतो, पोरं चेंडू मारतात. हे चित्र ओरडून सांगतंय की इथे कोणी येत नाही."

खोटं माप पकडण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसानं मग कंपासपेटीतला कोनमापक आणून ते चित्र मोजून दोन अंशांनी तिरकं केलं. रात्री झोपताना त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

गुरुवारपर्यंत भिंतीवर मुंगी बसायला जागा उरली नाही, आणि प्रत्येक फोटोत काका आणखी एकटे दिसायला लागले. समोरच्या दारातल्या नर्सबाई रोज हे येणंजाणं बघत होत्या. तीस वर्षं त्यांनी वॉर्ड सांभाळलेला. कुठे काय चाललंय ते कळल्याशिवाय त्यांना औषधसुद्धा लागू पडत नसे. त्या सरळ आत आल्या.

"काय चाललंय काय? दुकान काढताय का?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. चौकट, अर्थ, मोकळी जागा, सगळं. नर्सबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"माणसं दाखवायचीत ना?" त्या म्हणाल्या. "मग माणसं बसवा की! तीन घरं सोडून माणसं राहतात. जहाजं कसली लावताय?"

दोघा पुरुषांनी जहाजांकडे पाहिलं. खरं म्हणजे ही गोष्ट त्यांना सुचायला हवी होती. पण काकांना कोणाच्या दारात जाऊन 'माझ्याकडे येऊन बसा' म्हणणं जमण्यातलं नव्हतं. वजनमापे खात्यातला माणूस कुणाच्या दारात गेला की समोरचा घाबरायचा. बोलवायचं कसं ते त्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. तो भाग नर्सबाईंनीच उरकला. त्या स्वतः येणार, मास्तर येणार, आणि तळमजल्यावरचा विमेवाला येणार, कारण तो कुठेही बोलावलं तरी येतो. काकांना धरून चार झाले. पत्ते खेळत बसायचं ठरलं. आता अडचण खुर्च्यांची. पलंगावर बसवलं तर आजाऱ्याला भेटायला आलेत असं दिसतं, हा मास्तरांचा निर्वाळा. इमारतीच्या सभागृहात खुर्च्या होत्या. काका अर्ज घेऊन सेक्रेटरीकडे गेले.

सेक्रेटरी नियमाचा माणूस. एरवी काकांना असली माणसं आवडत.

"खुर्च्या समारंभासाठीच मिळतात," सेक्रेटरी म्हणाला. "इथे खूण करा. समारंभ आनंदाचा की दुःखाचा?"

काकांनी अर्ज पुन्हा वाचला. दोनच चौकोन होते.

"यात तिसरं काही नाही का?"

"तिसरं काय असतं?"

"म्हणजे, चार माणसं नुसती बसणार आहेत."

"नुसतं बसायला खुर्च्या देत नाही. आनंदाचा असेल तर आठ दिवस आधी अर्ज, शिवाय आवाज करणार नाही असं लिहून द्यायचं. दुःखाचा असेल तर लगेच. दुःख काय सांगून येतं का?"

शुक्रवार उजाडलेला. आठ दिवस कुठून आणायचे? काकांनी लेखणी आनंदावर धरली, उचलली, दुःखावर धरली. मनातल्या मनात त्यांनी तागडी उभी केली. आनंदाच्या पारड्यात टाकायला त्यांना काही सापडलं नाही. दुःखाचं पारडं आपोआपच खाली गेलं. म्हटलं तर खोटं, म्हटलं तर अगदीच खोटं नाही. त्यांनी दुःखावर खूण केली आणि वेळेच्या रकान्यात 'रविवार, सकाळी अकरा' असं लिहिलं. पुढचा रकाना होता, 'मृताशी नातं'. तिथे त्यांचा हात थांबला.

"राहू द्या," सेक्रेटरी एकदम मऊ आवाजात म्हणाला. त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "ते नंतर भरू. मी आहे, काही लागलं तर सांगा."

काका खुर्च्या मोजून घेऊन वर आले. ते वळल्यावर सेक्रेटरीनं नियमाप्रमाणे जिन्याखालच्या फळ्यावर कागद लावला: 'मापेकाकांकडे दुःखद घटना. भेटण्याची वेळ रविवार सकाळी अकरा.' हे काकांना कळण्याचं काही कारण नव्हतं. दोन दिवस ते तालमीत गुंतले होते, आणि एरवी तरी खाली उतरून ते कुणाला भेटणार होते?

शनिवारची तालीम चांगली दोन तास चालली. मास्तर अंगात आल्यासारखे करत होते. "नर्सबाई, तुम्ही उजवीकडे बसा. डावीकडे बसलात तर काकांना इंजेक्शन द्यायला आल्यासारख्या दिसता." "विमेवाले, तुम्ही फोनकडे बघून हसू नका, पत्त्यांकडे बघून हसा." विमेवाल्याचं म्हणणं, त्याची डावी बाजू चांगली दिसते, ती झाकली तर तो येणार नाही. नर्सबाईंना हसा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत हसले नाही, आता तुमच्या फोनसाठी हसू?" मास्तरांनी टेबलावरचा दिवा खाली ठेवला तर चौघंही भुतांसारखे दिसायला लागले, वर ठेवला तर पोलीस चौकशी चालल्यासारखं दिसायला लागलं. काकांनी प्रत्येकाच्या पायाशी खडूनं खुणा केल्या. मधेच विमेवाल्यानं हात मोकळे होताच काकांना त्यांच्या वयाला बसेल अशी एक योजना समजावून सांगितली. नर्सबाईंनी 'गप बसा हो' म्हटलं आणि सगळे खरोखरचे हसले. मास्तर म्हणाले, "हे! हे असंच उद्या!" मग ते कोणालाच जमेना.

काकांनी चौघांसाठी चहा टाकला. चार कप शोधताना त्यांना वरचं कपाट उघडावं लागलं. सगळे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपला घसा बसलाय. महिन्याभरात झालं नाही इतकं बोलणं दोन तासांत झालं होतं. त्यांनी कप विसळले आणि मग, कोणी बघत नाही असं पाहून, प्रत्येक खुर्चीत थोडा थोडा वेळ बसून घेतलं. चारही खुर्च्या सारख्याच होत्या.

रविवारी अकराला फोन वाजला. मुलगी दिसली, तोंड हललं, आवाज मात्र येईना. तिनं कानाला हात लावला, खाली बघून काहीतरी टाइप केलं. 'बाबा, माझ्या फोनचा आवाज गेलाय. तुमचं काही ऐकू येत नाही. चित्र दिसतंय. बसा, बघते नुसती.'

"मूकपट!" मास्तर कुजबुजले. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू हा योग त्यांनीच जुळवून आणला होता. "आता सगळा भार चित्रावर. वाटा पत्ते!"

पत्ते वाटले गेले. विमेवाला पत्त्यांकडे बघून हसला. तीन जहाजं दोन अंशांत तिरकी होती. दिव्याचा उजेड बाजूनं, मोजून चार फुटांवरून पडत होता. तीन मिनिटं असं काही सुरेख चाललं की काकांना स्वतःलाच वाटायला लागलं, आपल्याकडे रोज असंच असतं.

आणि दार वाजलं.

पहिल्या मजल्यावरचं जोडपं होतं. दोघं मान खाली घालून आत आले. त्यांच्या मागे घड्याळवाला, त्याच्या मागे शिंपी, मग चौथ्या मजल्यावरच्या तिघी बहिणी, मग ज्यांना काकांनी आयुष्यात बघितलं नव्हतं अशी पाच माणसं. सगळ्यांचे चेहरे पडलेले. पत्ते बघून ती माणसं चपापली, पण शोकाच्या घरी टेबलावर काय आहे ते कोणी बोलून दाखवत नाही. विमेवाल्याला असल्या प्रसंगांची सवय. काय झालंय ते कळायच्या आतच तो उठून उभा राहिला आणि त्यानं तोंड गंभीर केलं.

"कसं झालं?" पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी हलक्या आवाजात विचारलं. "अचानकच?"

फोन समोर रोखलेला. मुलगी टक लावून बघत होती. काका फोनकडे बघून हसले आणि तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले, "हो. म्हणजे... अगदीच अचानक."

"हसतायत बघा," एक बहीण दुसरीला म्हणाली. "धक्का बसलाय."

"रडून घ्या काका, मोकळे व्हा," घड्याळवाला म्हणाला आणि पाठीवरून हात फिरवायला लागला. कोणी त्यांचा हात हातात घेतला. कोणी खांद्यावर थोपटलं. चौथ्या मजल्यावरच्या तिघींनी त्यांना मधे घेतलं. खडूच्या खुणा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. या धांदलीत काका एकीकडे मुलीसाठी हसत होते आणि एकीकडे मान हलवून सांत्वन स्वीकारत होते, आणि कोण गेलं हे ना त्यांना सांगता येत होतं, ना कोणी विचारत होतं.

मग शिंपी पुढे आला. खाली रस्त्याला लागून त्याचं दुकान होतं; काकूंचे ब्लाउज तोच शिवायचा. त्यानं काकांचे दोन्ही हात धरले.

"काकूंच्या वेळी मी गावाला होतो," तो म्हणाला. "आलो तेव्हा महिना होऊन गेला होता. मग वाटलं, आता काय जायचं. रोज तुमच्या दारावरून जातो आणि रोज तेच वाटतं. काका, तेव्हाच यायला हवं होतं हो मी."

काकांना वाटलं होतं आपण 'चालायचंच' म्हणू. ते म्हणाले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दवाखान्यातून एकट्यानं घरी परतल्यावर जे आलं नव्हतं ते. इतकी माणसं घरात काकू गेल्या तेव्हाही नव्हती. ते तोंडानं हसत होते आणि डोळ्यांनी रडत होते, आणि त्यांना खरंच बरं वाटत होतं.

"अप्रतिम," मास्तर मागून कुजबुजले. "फक्त चेहरा जरा दिव्याकडे."

फोनवर अक्षरं उमटली. 'बाबा!! किती माणसं! सगळे तुम्हाला मिठ्या काय मारतायत, तुम्ही हसून हसून रडताय काय! दोन वर्षांत तुम्हाला असं बघितलं नव्हतं. माझंच चुकलं. उद्या साहेबांना सांगते, रजा नको. तुमच्या मंडळींत आता मी कशाला मधे? मजा करा.' आणि पडदा काळा झाला.

"जिंकलात!" मास्तर ओरडले.

शोकाच्या घरी हा शब्द जरा जास्तच मोठ्यानं पडला. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. नेमका तेव्हाच सेक्रेटरी रजिस्टर घेऊन दारात आला. "काका, तो एक रकाना राहिलाय. मृताशी नातं. काय लिहू?"

आता सगळी खोली काकांकडे बघत होती. खोटं बोलायला अजूनही वाव होता. एखादा लांबचा मावसभाऊ सहज मारता आला असता. पण सवय नसली की ऐन वेळी हात चालत नाही.

"कोणी नाही," काका म्हणाले. "कोणी गेलं नाही."

पुढची पाच मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. कोणी मेलं नाही हे ऐकून माणसं इतकी चिडलेली काकांनी कधी पाहिली नव्हती. घड्याळवाल्यानं दुकान बंद ठेवलं होतं. तिघी बहिणींपैकी धाकटी आतापर्यंत दोनदा रडली होती, तिला तर कोणावर चिडावं तेच कळेना. "आम्ही तोंड पाडून आलो आणि तुम्ही पत्ते खेळताय!" सेक्रेटरीनं रजिस्टर मिटलं. खोटं प्रयोजन दाखवून खुर्च्या नेणं, कलम सात, लेखी खुलासा, तीन प्रतींत. "आणि तुम्ही काका? वजनमापे खात्यातला माणूस?" ते वाक्य जिव्हारी लागलं. खुर्च्या तिथल्या तिथे परत मागितल्या गेल्या. जो ज्या खुर्चीत बसला होता तो तीच उचलून जिना उतरला. विमेवाला 'माझा यात काही संबंध नाही' म्हणत गेला. मास्तर आपला दिवा घेऊन वर गेले. शिंपी शेवटी राहिला.

"तुमचं काय चाललंय ते मला कळलं नाही," तो म्हणाला. "पण मी बोललो ते खोटं नव्हतं." आणि तोही गेला.

खोलीत काका उरले. त्यांनी मुलीचा निरोप पुन्हा वाचला. काम फत्ते झालं होतं. घर राहिलं, कुलूप टळलं. जिंकलं की माणसाला काहीतरी हाती लागतं अशी त्यांची समजूत होती, म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा वाचला. 'रजा नको' हे दोन शब्द त्यांना तेव्हा नीट दिसले. तीन आठवडे ती इथे असणार होती. मधल्या खोलीत झोपली असती, सगळीकडचे दिवे चालू ठेवले असते, त्यांच्या औषधांवरून भांडली असती. तीन आठवडे घरात माणूस. हातचं ते माणूस त्यांनी स्वतः, टेपनं मोजून, कोनमापक लावून, परत पाठवलं होतं.

नर्सबाई विसरलेला चष्मा न्यायला आल्या तेव्हा काका तसेच बसून होते.

"झालं ना मनासारखं? मग चेहरा असा का?"

"ती येत नाही म्हणते."

"तुम्हालाच नको होतं ना?"

"कुलूप नको होतं," काका म्हणाले. "ती नको असं मी कधी म्हटलं?"

"मला काय सांगताय? तिला सांगा," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पदराला पुसला. "वॉर्डात असे खूप बघितलेत. डॉक्टर आले की 'ठणठणीत आहे' म्हणायचे आणि ते गेले की कण्हायचे. त्यांना कोणी औषध द्यायचं?"

संध्याकाळी सहाला काकांनी साधा फोन लावला. नुसता आवाजाचा. वाजेपर्यंत त्यांनी दोनदा तो बंद करायचा विचार केला.

"बाबा? आज परत कसे? काय झालं? थांबा, चित्र लावते."

"नको, चित्र नको. आवाज येतोय ना?"

"येतोय. माझं कार्ड ह्यांच्या फोनात घातलंय. बोला ना."

"ती माणसं मी बसवली होती," काका म्हणाले.

"सगळी?"

"तीन. बाकीची आपणहून आली. आपल्याकडे कोणीतरी गेलंय असं त्यांना वाटलं."

"कोण गेलं?"

"तुझी आई," काका म्हणाले. "दुसरं कोण? दोन वर्षं झाली, पण घरात अजून तेच चाललंय. मी दिवसभर कोणाशी बोलत नाही गं. राबता बिबता काही नाही. मला करमत नाही."

एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. 

"मग चला ना इकडे," ती शेवटी म्हणाली. "किती वेळा सांगितलं."

"तिकडे नको. तिकडे मी नुसता 'काही नको' म्हणत बसतो. तू ये. न्यायला येऊ नकोस, राहायला ये. उद्या साहेबांना 'रजा नको' म्हणून सांगू नकोस. इथे तुझ्या तीन आठवड्यांत काही होणार नाही, पत्ते नाहीत, माणसं नाहीत. मी आहे. तरी ये."

फोन बंद पडला की काय म्हणून काकांनी तो कानाला आणखी दाबून धरला.

"बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "आई गेल्यापासून तुम्ही मला एकदाही 'ये' म्हणाला नव्हतात. मला वाटायचं, मी आलेली तुम्हाला नकोच असते."



"म्हटलं नव्हतं खरं," ते म्हणाले. "आता म्हणतोय. ये."